काशीत भुताला जागा कुठे?

काशीत देह ठेवला की मुक्ती मिळते, ही श्रद्धा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मरणाऱ्याच्या कानात शंकर स्वतः तारक मंत्र सांगतो आणि जीव जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटतो. मग तो दशग्रंथी ब्राह्मण असो, नाही तर घाटावरची किडामुंगी. हे मानलं तर एक पेच पडतो. सगळेच सुटून गेले, तर या शहरात भूत होऊन मागे राहणार कोण?

पेच गमतीचा वाटला तरी आज त्याला व्यवहाराची बाजू आहे. जुन्या शहराच्या पेठांमधून रात्री गाईडबरोबर चालायचं आणि ठिकठिकाणी थांबून भुताखेतांच्या गोष्टी ऐकायच्या, हा पर्यटनाचा प्रकार जगभर रुजला आहे. त्याला ‘घोस्ट वॉक’ म्हणतात. अशा फेरीला लागणारं सगळं सामान वाराणसीच्या ‘पक्का महाल’ या घाटांमागच्या जुन्या वस्तीत, विशेषतः मंगला गौरी आणि पंचगंगा घाटाच्या परिसरात, आयतं हजर आहे. समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागेल अशा गल्ल्या, दोन्ही बाजूंना तीन-चार मजली दगडी वाडे, त्यातल्या कुलूपबंद खोल्या, खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, अंधारात न दिसणारी पण जाणवणारी नदी, आणि वरच्या अंगाला थोड्याच अंतरावर रात्रभर न विझणारं मणिकर्णिकेचं स्मशान. एवढं असूनही या मोहल्ल्याच्या सर्वांत गाजलेल्या रात्रीच्या गोष्टी भुतांच्या नाहीत. त्या का नाहीत, हे समजून घ्यायचं तर आधी ही फेरी चालते कशी, ते पाहायला हवं.

फेरीचं तंत्र

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात १९७३ पासून रात्रीची भूतफेरी चालते. स्कॉटलंडच्या एडिंबरा शहरात १७८८ मध्ये बांधलेल्या ‘साऊथ ब्रिज’च्या कमानींखाली अंधाऱ्या तळखोल्या आहेत. कधी काळी तिथे कारागीर होते, मग गोरगरीब राहिले, मग त्या बुजवल्या गेल्या. आज त्यांत पर्यटकांच्या तुकड्या उतरतात. साचा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. फेरी एक ते दीड तासाची, अंतर थोडं, थांबे मोजके. गाईड काळा झगा घालतो, हातात कंदील धरतो. पहिल्या थांब्यावर विनोद, मधल्यावर इतिहास, आणि खरी भीतीची गोष्ट शेवटाकडे, म्हणजे घरी जाताना ती डोक्यात राहते.

पण झगा-कंदिलाने फेरी टिकत नाही. ती टिकते गोष्टीतल्या तपशिलावर. यॉर्कची सर्वांत प्रसिद्ध कथा हॅरी मार्टिंडेल या तरुण कामगाराची. १९५३ साली तो ‘ट्रेझरर्स हाऊस’ या जुन्या वास्तूच्या तळघरात काम करत होता. भिंतीतून रोमन सैनिकांची तुकडी बाहेर आली आणि समोरून निघून गेली, असं त्याने सांगितलं. गंमत अशी की, सैनिक त्याला गुडघ्यापासून वरच दिसले. जिथे जमीन खणलेली होती, तिथेच त्यांचे पाय दिसले. त्या वास्तूखालून रोमन रस्ता जातो आणि तो आजच्या जमिनीपेक्षा खोल आहे. गोष्ट खरी की खोटी, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण गुडघ्यांचा तपशील ऐकल्यावर पायाखालचं शहर दोन हजार वर्षं जुनं आहे, हे ऐकणाऱ्याला जाणवतं. चांगल्या भूतफेरीचं काम एवढंच असतं: इतिहासाला जागा आणि चेहरा मिळवून देणं.

आपल्याकडे दिल्लीच्या पर्यटन खात्याने २०२३ मध्ये मालचा महालापासून अशा फेऱ्या सुरू केल्या. मालचा महाल म्हणजे रिजच्या जंगलातलं तुघलककालीन शिकारगृह. अवधच्या नवाबांची वारस म्हणवणारी बेगम विलायत महल आपल्या दोन मुलांसह १९८० च्या दशकात तिथे राहायला गेली. तिने तिथेच जीवन संपवलं आणि तिचा मुलगाही २०१७ मध्ये त्याच पडक्या महालात एकाकी वारला. पुढे २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या शोधवृत्ताने नवाबी वारशाचा हा दावाच पोकळ असल्याचं दाखवून दिलं. तरी फेरी चालली. कारण लोकांना वंशावळ नको होती. काहीतरी अर्धवट राहून गेलेलं पाहायचं होतं.

भूतकथेचा हा मूळ धागा आहे. आपली मराठी भुतंच पाहा. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधीच गेलेला मुलगा पिंपळावरचा मुंजा होतो. वारस नसलेला, इस्टेटीत जीव अडकलेला ब्राह्मण समंध होतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. प्रत्येकामागे एक राहिलेला संस्कार, एक न फिटलेली गोष्ट आहे. भुतांची ही यादी म्हणजे त्या समाजाच्या अपुऱ्या राहिलेल्या कामांची नोंदवहीच आहे.

डोळे, कान आणि अंधार

रात्रीच का, यालाही कारण आहे. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्यांतल्या दंडपेशी पूर्ण जाग्या व्हायला जवळपास अर्धा तास लागतो. या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यभागी नसतात, भोवती असतात. त्यामुळे अंधारात डोळ्याच्या कोपऱ्यातून हालचाल चटकन कळते आणि थेट रोखून पाहिलं की ती वस्तू पुसट होते. ‘दिसलं आणि बघायला गेलो तर नाहीसं झालं’ हा अनुभव सांगणारा माणूस खोटं बोलत असतो, असं नाही.

कानांचंही तसंच. दगडी गल्लीत आवाज भिंतींवर आपटत येतो, त्यामुळे तो कुठून आला हे ठरवता येत नाही. रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची तुलनेने उबदार झाली की आवाजाच्या लहरी वर निसटण्याऐवजी खाली वाकतात आणि लांबचं बोलणं, घंटा, होडीची वल्ही जवळ ऐकू येतात.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन आणि सहकाऱ्यांनी हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आणि एडिंबराच्या त्याच तळखोल्यांत प्रयोग करून २००३ मध्ये निष्कर्ष छापले. झपाटलेल्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या जागी लोकांना खरोखरच जास्त चमत्कारिक अनुभव आले. पण त्या अनुभवांचा मेळ भुतांपेक्षा जागेच्या आकाराशी आणि उजेडाशी जास्त बसला. त्याआधी, १९९८ मध्ये, कॉव्हेंट्रीच्या विक टँडी या अभियंत्याने प्रयोगशाळेत दिसणाऱ्या करड्या आकृतीचा माग एका पंख्यापर्यंत नेला. त्या पंख्यामुळे सुमारे १९ हर्ट्झचा, माणसाला ऐकू न येणारा नाद तयार होत होता. हे स्पष्टीकरण सगळीकडे लागू पडतं असं नाही, त्यावर वादही आहेत. पण अंगावर काटा उभा राहण्यासाठी भूतच लागतं असं नाही, एवढं यातून नक्की झालं.

मंगला गौरीच्या गल्लीत

आता काशीत येऊ. मंगला गौरी हे नाव मराठी माणसाला नवं नाही. श्रावणातल्या मंगळवारी नव्या नवरीने पूजायची आणि रात्री झिम्मा-फुगड्या घालत जागवायची ती मंगळागौर. काशीत तिचं देऊळ पंचगंगा घाटाजवळ आहे. काशीखंडातली कथा अशी की, सूर्याने इथे शंकर-पार्वतीसाठी उग्र तप केलं, गभस्तीश्वर लिंग आणि मंगला गौरी यांची स्थापना केली, आणि त्याच्या घामातून किरणा नदी वाहिली. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा यांचा संगम तो पंचगंगा. चैत्र नवरात्रात काशीकर रोज एका गौरीचं दर्शन घेतात. आठव्या दिवशीची पाळी हिची.

या घाटाच्या माथ्यावर औरंगजेबाच्या काळातली आलमगीर मशीद उभी आहे. १६६५ मध्ये फ्रेंच जवाहिरा ताव्हेर्निये आला, तेव्हा इथे बिंदुमाधवाचं भव्य मंदिर होतं. त्याने त्याचं वर्णन लिहून ठेवलं. काही वर्षांतच ते पाडून त्या जागी मशीद उभी राहिली. आजचं बिंदुमाधवाचं देऊळ शेजारीच, घरासारखं दिसणारं, औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्याने बांधलेलं. मशिदीचे उंच मनोरे ‘माधवरायाचा धरहरा’ म्हणून शहरभर ओळखले जात. इंग्रज अधिकारी जेम्स प्रिन्सेपने त्यांची डागडुजी केली, अमेरिकन लेखक मार्क ट्वेनने त्यांच्याबद्दल लिहिलं. पुढे १९४८ च्या सुमारास एक मनोरा कोसळला आणि धोका नको म्हणून दुसराही उतरवला गेला. पाडलेलं देऊळ, पडलेले मनोरे: दुसऱ्या कुठल्याही शहरात एवढ्यावर डझनभर भूतकथा उभ्या राहिल्या असत्या.

इथे मात्र अंधारातली जी गोष्ट प्रत्येक जण सांगतो ती कबीराची. जुलाह्याच्या पोराला वैष्णव आचार्य रामानंद दीक्षा देणार नाहीत, म्हणून कबीर पहाटेच्या काळोखात पंचगंगेच्या पायरीवर आडवा पडून राहिला. स्नानाला उतरणाऱ्या रामानंदांचा पाय त्याच्यावर पडला, ते दचकले, तोंडातून ‘राम राम’ निघालं, आणि कबीराने तोच गुरुमंत्र मानला. अंधार, पायाखाली अचानक लागलेलं शरीर, दचकून निघालेला शब्द: भीतिकथेचा सगळा साचा इथे आहे. पण शेवटी भूत भेटत नाही, गुरू भेटतो.

दुसरी गोष्ट शेजारच्याच बालाजी मंदिरातली. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचे मामा अली बख्श ‘विलायतू’ देवळांत सनई वाजवत. भाचाही लहानपणापासून बालाजीच्या देवळात रियाज करी. मामांनी त्याला बजावलं होतं, इथे काही दिसलं तर कुणाला सांगू नकोस. एका रात्री वाजवता वाजवता अचानक सुगंध दरवळला आणि डोळे उघडले तर एक तेजस्वी पुरुष समोर उभा, ‘वाजव’ म्हणाला. पोरगं घाबरून घरी पळालं, मामांना सांगू लागलं, तर मामांनी कानाखाली वाजवली. खाँसाहेबांनी हा अनुभव उतारवयात स्वतःच सांगितला. १९१६ मध्ये डुमरावला जन्मलेल्या या मुलाला २००१ मध्ये भारतरत्न मिळालं. देवळात सनई वाजवणारा हा मुसलमान माणूस काशी सोडून जायला कधी तयार झाला नाही.

रात्री दिसलेल्याची जाहिरात करायची नाही, हा मामांचा नियम होता. भूतफेरीचा सगळा व्यवहार मात्र सांगण्यावर चालतो. या मोहल्ल्यात दोन्हींचा सामना होतो.

मराठी मेलेल्यांचं शहर

पंचगंगेपासून खालच्या अंगाला दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट, वरच्या अंगाला बालाजी, जटार, राम, गणेश, भोसले आणि शिंदे असे घाट. नावं वाचत गेलं तरी अठराव्या शतकातली मराठेशाही डोळ्यांपुढे येते. नारायण दीक्षित पाटणकर यांनी दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या अंगाला मराठी ब्राह्मणांची वस्ती वसवली. थोरल्या बाजीराव पेशव्याची आई राधाबाई १७३५ मध्ये काशीयात्रेला निघाली, तेव्हा उत्तरेतल्या राजांनी आणि मोगल सरदारांनीही तिची बडदास्त ठेवली. पंचगंगेवरचा हजारा दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांचा. त्याही आधी, १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेला, एकनाथांनी आपलं भागवत याच नगरीत पूर्ण केलं. दुर्गाघाटाच्या परिसरात आजही मराठी आडनावं आणि गणपतीतली मराठी आरती भेटते.

आता पुण्यातली एक रात्र आठवा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा गारद्यांनी खून केला. ‘काका मला वाचवा’ ही हाक मराठी माणसाची सर्वांत लाडकी भूतकथा झाली. पौर्णिमेला, अमावास्येला ती ऐकू येते असं पुणेकर सांगतात. काका म्हणजे रघुनाथराव. त्याला देहान्त प्रायश्चित्त सांगणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे काशीत शिकलेले. शिक्षा मात्र झाली नाही.

आणि रघुनाथरावाचा वंश? त्याचा दत्तक मुलगा अमृतराव इंग्रजांकडून सात लाखांची तैनात घेऊन काशीत येऊन राहिला. गणेश घाटावरचं अमृतविनायकाचं देऊळ त्याचं. १८२४ मध्ये काशीत आलेल्या बिशप हेबरने त्याच्या दानधर्माबद्दल लिहिलं. त्याच वर्षी अमृतराव वारला. औरस मुलांपैकी चिमाजी अप्पा १७९६ मध्ये काही महिने पेशवेपदावर बसला होता. पेशवाई बुडाल्यावर तोही काशीत आला आणि १८३२ मध्ये तिथेच गेला. त्याच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी मनकर्णिका काशीतच जन्मली. तीच पुढे झाशीची राणी झाली.

म्हणजे एकाच खुनाची दोन टोकं दोन शहरांत आहेत. मारला गेलेला मुलगा पुण्यात अजून हाक मारतो. ज्याच्यावर ठपका होता त्याची ही दोन मुलं काशीत वारली, आणि त्यांच्या नावाने इथे कुणी भूत पाहत नाही. शनिवारवाड्यात न्याय राहून गेला, म्हणून आवाज राहिला. काशीत दान झालं, श्राद्ध झालं, देऊळ उभं राहिलं, आणि समाजाने त्या हिशेबावर रेघ मारली. ती रेघ योग्य होती का, हा वेगळा प्रश्न. पण भूत कुठे उगवतं आणि कुठे उगवत नाही, याचा नियम या दोन वास्तूंत स्पष्ट दिसतो.

भुतांचा बंदोबस्त

काशीने भुतं नाकारलेली नाहीत. त्यांची सोय लावून ठेवली आहे. पहिली सोय शहराचा कोतवाल कालभैरव. काशीत मेलेल्याची पापं कुठे गेली, असा प्रश्न शास्त्र्यांनाही पडला होता. त्यावर उत्तर काढलं ‘भैरवी यातना’: हजारो जन्मांची शिक्षा भैरव एका क्षणात भोगायला लावतो, मग मुक्ती. काशीत राहून पाप करणारे हजारो वर्षं रुद्रपिशाच होतात, असंही पुराण बजावतं.

दुसरी सोय पिशाचमोचन कुंड. अकाली, अपघाताने, विधीविना गेलेल्यांसाठी इथे त्रिपिंडी श्राद्ध करतात. मराठी वाचकाने ते त्र्यंबकेश्वरला पाहिलं असेल. पिशाचमोचनावरच्या पिंपळाच्या खोडात खिळे आणि नाणी ठोकलेली दिसतात. भटकणाऱ्या प्रेताला तिथे बांधून ठेवलं जातं.

तिसरी सोय सर्वांत व्यवहारी: भुताला देव करून टाकणं. मारामारीत, रक्षणात मेलेला माणूस ‘बीर’ होतो, ब्राह्मण असेल तर ‘बरम’. त्याला चौथरा, शेंदूर, नैवेद्य मिळतो. लहुराबीर, भोजूबीर या वाराणसीच्या गजबजलेल्या वस्त्यांची नावं अशा बीरांवरूनच आली. आपल्या गावाकडचा वेताळ आणि होळीला नाचवले जाणारे वीर याच जातीचे.

आणि चौथी, पंचगंगेवरचीच: आकाशदीप. कार्तिकात उंच बांबूंच्या टोकाला वेताच्या करंड्यांतून दिवे चढवतात, पितरांना वाट दिसावी म्हणून. महिनाअखेर पौर्णिमेला देवदिवाळी. आज लाखो माणसं खेचणाऱ्या या उत्सवाचं पुनरुज्जीवन १९८० च्या दशकात याच घाटापासून झालं. मृतांना घाबरून दार लावण्याऐवजी त्यांच्यासाठी दिवा लावायचा, ही इथली रीत.

मग फेरी काढावी का?

काढावी, पण शहाणपणाने. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा झाला, कारण भुताच्या नावावर माणसांना, त्यातही बायकांना, मारहाण आणि लूट होत होती. गोष्ट सांगणं वेगळं आणि भीती विकणं वेगळं. गाईडला ही रेषा ठाऊक हवी. दुसरी अट मणिकर्णिकेची. जिथे कुणाचा बाप त्या क्षणी जळतो आहे, तो फेरीचा ‘थांबा’ होऊ शकत नाही. कॅमेरा खिशात ठेवणं ही तिथे किमान सभ्यता आहे.

तिसरी अट माहितीची. मराठी यात्रेकरूला ‘करवत काशी’, म्हणजे मोक्षासाठी करवताखाली देह ठेवण्याची कथा, लहानपणापासून ऐकून ठाऊक असते; विश्वनाथाजवळच्या गल्लीत करवताची जागा दाखवून गाईड अंगावर काटा आणू शकतो. पण त्याच वाटेवर ओस पडलेला वाडा कुणाचा होता, त्यात कुठली विधवा तैनातीवर राहिली, कुठल्या पाठशाळेत विद्यार्थी जेवत होते, हे सांगणारा गाईड दुर्मीळ असतो. पडीक वाडे कुलपात राहतात ते भुतांमुळे नव्हे. वाटण्या होत नाहीत, डागडुजीचा खर्च परवडत नाही, वारस पुण्या-मुंबईला किंवा परदेशी आहेत. हीही अपुरी राहिलेली कामंच आहेत, आणि त्यांवर श्राद्धाचा उपाय चालत नाही.

म्हणून मंगला गौरीच्या गल्लीतून रात्री जाताना गाईड म्हणाला, ‘इथे रात्री आवाज येतो,’ तर त्याला विचारावं: हा वाडा बांधला कुणी, कधी, आणि त्यात शेवटी राहिलं कोण? त्याला उत्तर देता आलं तर गोष्टही ऐकावी आणि पैसेही आनंदाने द्यावेत. नाही आलं, तर त्याच्या भुतापेक्षा कालभैरवाच्या दारातला फुलवाला जास्त माहिती देईल.